खाली आल्याची सही

बॅग नंतर भर गं, आधी इथे बस. दिवा मध्ये सरकव, नाहीतर मला तुझं तोंडच दिसत नाही. वाऱ्याने कुठेतरी तारा तुटल्यात, तास-दीड तास काही लाइट येत नाही. या दिवसांत इथे दरवर्षी हेच. सोमवारीच राहायला आलीस ना तू, अजून आठवडाही झाला नाही. होईल सवय.

मघाशी म्हणालीस, पुढच्या रविवारी वर्गातल्या पोरींबरोबर डोंगरावर जाणार. जा की. मी नको म्हणणारी कोण? खिडकी उघडली की समोर तोच दिसतो, आणि शिकायला परदेशात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दोन महिन्यांत तो चढावासा वाटतोच. अवघड काहीच नाही त्यात. तीन तास चढ, दोन तास उतार, वळणावळणावर पाट्या. म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन जातात. मीसुद्धा आजच जाऊन आले, दर रविवारी जाते, तो कोपऱ्यातला चिखल माझ्याच बुटांचा आहे.

मला फक्त तिथल्या वहीबद्दल तुला सांगायचंय. आणि हसू नकोस. हसलीस तर मी पुढचं सांगणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी या खोलीत माझ्याबरोबर माझी मावसबहीण राहायची. तू बसलीयस तो तिचा पलंग. नाव होतं चांगलं लांबलचक, पण घरात सगळे तिला गोगी म्हणायचे, गोगलगाय म्हणून. आम्ही जेवून, ताटं घासून मोकळे व्हायचो तरी हिचा अर्धा भात तसाच. चप्पल घालायला पाच मिनिटं. रस्त्यात भिंतीवर काही हिरवं दिसलं की बाई तिथेच उभी. शेवाळावर शिकत होती ती, शेवाळावर! मी म्हणायचे, अगं, माणसं शेवाळ घासून काढतात आणि तू त्याची पदवी घेतेस. त्यावर ती सावकाश हसायची. मला ती घाईताई म्हणायची, कारण मी अशी. लहानपणापासून माझ्या पायाला भिंगरी. इथे मी मातीचे नमुने भट्टीत वाळवायचे, वजन करायचे, परत वाळवायचे. तेच काम आजही करते, फक्त तेव्हा विद्यार्थिनी होते आणि आता नोकर आहे.

मावशीला गोगी एकुलती एक. काका तर ती चौथीत असतानाच गेले. आम्ही निघालो त्या दिवशी मावशीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तुझ्या जिवावर पाठवतेय गं. तू पुढे पळतेस आणि ती मागे राहते. जरा मागे वळून बघत जा."

मी म्हटलं, "मावशी, मी आहे ना!"

मी आहे ना. किती सहज म्हणतो आपण.

आता एक गोष्ट तुला कळेल, कारण तूही आपल्याकडच्याच कॉलेजातून आलीस. इथल्या लोकांना सांगून कळत नाही. सकाळी साडेसातचं पहिलं लेक्चर, आणि गोगी कधी वेळेवर पोचली असेल तर शपथ. मग तिची प्रॉक्सी कोण मारणार? मीच. हजेरीचा कागद फिरत यायचा, माझ्या नावापुढे माझी सही आणि दोन ओळी खाली तिची. अक्षर बदलायचेही कष्ट घेतले नाहीत कधी. कोण बघतंय? तीन वर्षं मी तिला अशी हजर ठेवली. त्यात चूक काही आहे असं माझ्या मनालाही शिवलं नाही, उलट वाटायचं, बहिणीसाठी एवढंही नाही करायचं?

डोंगराच्या पायथ्याशी चौकी आहे, लाकडी, हिरव्या दाराची. आत एक आजोबा बसतात. त्यांच्यापुढे वही. वर जाताना नाव आणि सही, खाली आल्यावर त्याच ओळीत दुसरी सही. जो तो आपली करणार. भिंतीवर पाच-सहा भाषांत पाटी आहे: दुसऱ्याची सही करू नये. रोज संध्याकाळी सहाला आजोबा ओळी मोजतात. एक जरी जागा रिकामी असली तरी भोंगा वाजवतात, आणि गावातली माणसं कुत्री घेऊन, दिवे घेऊन वर जातात. दुसरं काही नाही. एवढीच रीत आहे त्यांची, आणि तिच्यावर त्यांनी कितीतरी जीव वाचवलेत.

ती पाटी वाचून मी गोगीला म्हटलं होतं, "बघ, इथे मला तुझी प्रॉक्सी मारता येणार नाही." आणि आम्ही दोघी खिदळलो होतो.

रविवार होता. त्या वर्षी दुसऱ्या दिवसापासून वाट दुरुस्तीसाठी बंद राहणार होती. गोगी दीड महिना मागे लागली होती, आणि मी आज नको, उद्या नको करत टाळत होते. नेमका सोमवारी सकाळी नऊला सरांना अहवाल द्यायचा होता आणि त्याची शेवटची आठ पानं बाकी होती. तरी गेले. गेले, पण मन सगळं त्या आठ पानांत. ती प्रत्येक दगडापाशी थांबायची, भिंग काढायची, "ताई, हे बघ ना, हे फक्त उत्तरेकडच्या बाजूला असतं," आणि मी घड्याळ बघत म्हणायचे, "हो का? छान. चल." एकदाही वाकून बघितलं नाही मी. त्याच्यासाठी पुढे काय भोगावं लागणार होतं हे तेव्हा कळलं असतं तर पालथी पडून बघितलं असतं.

उतरताना धुकं आलं. वरून नाही, खालून. आधी झाडांचे बुंधे गेले, मग आमचे पाय. अर्ध्याच्या खाली एक दगडी बाक आहे, तिथे वाट दोन होतात. गोगी त्या बाकावर बसली, गुडघा चोळायला लागली.

"तू हो पुढे. आलेच मी मागोमाग."

"नक्की?"

"अगं जा, घाईताई! तुझा पाय ठरेना बघ कसा."

तिच्या हातात काठी होती, भाड्याने घेतलेली, खालची लोखंडी टोपी सैल झालेली. त्यामुळे प्रत्येक पावलाला टक् व्हायचं आणि मागून जरासं घासल्यासारखं. टक्, खर्र. मी निघाले, आणि माझ्या मागे ते सुरू झालं. टक्, खर्र. सबंध उतारभर. मावशीने सांगितलं होतं ना, मागे वळून बघत जा. मी नाही बघितलं, मला ऐकू येत होतं ना सगळं! वळायला कशाला हवं?

चौकीवर पोचले तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी होती. पाचची बस उभी होती, इंजिन चालू. आजोबा मागच्या बाजूला किटली ठेवायला गेले होते. मी वही ओढली, माझी सही केली. मागे वळणावर अगदी जवळ वाजलं... टक्, खर्र. मी तिच्या ओळीतही सही केली. तिच्या नावाची, माझ्या अक्षरात. म्हटलं, ही येणार, पेन शोधणार, चष्मा शोधणार, त्यात बस जायची. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी दारात पाय ठेवून "एक मिनिट, एक मिनिट" करत राहिले. धुक्यातून कोणी येईना. तो म्हणाला, "यायचं तर या, सहाला दुसरी आहे."

सहाला दुसरी होती. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही.

बसमधून तिला मेसेज केला. "मी पुढे जातेय. तू सहाच्या बसने ये. तुझी सही करून टाकलीय, थांबू नकोस."

साडेसातला मी या टेबलाशी होते. दार उघडलं आणि गोगी आत आली. केस ओले, कपडे ओले, हात रिकामे. खोलीत ओल्या मातीचा, दगडाखालच्या गारव्याचा वास पसरला.

"आलीस?" मी मान वर न करता म्हटलं.

"आले."

ती तिथे बसली, तू बसलीयस तिथेच. हात मांडीवर. मी टाइप करत होते. तेवढ्यात माझा फोन थरथरला. स्क्रीनवर नाव होतं गोगी.

मी तिच्याकडे बघितलं. "तुझा फोन कुठाय?"

"वर राहिला वाटतं."

"मग कुणाला तरी सापडला असेल. थांब, बघते."

"उचलू नकोस, ताई," ती म्हणाली. "तुझं काम राहिलंय ना?"

अगदी बरोबर होतं तिचं. चार पानं बाकी होती. फोन ज्याला सापडलाय तो चौकीवर देईल, उद्या आणू, एवढा मी विचार केला आणि फोन उलटा ठेवला. तो परत वाजला. परत. दहापर्यंत सात वेळा वाजला. मग थांबला. ती सगळा वेळ तिथे बसून माझ्याकडे बघत होती.

तू म्हणशील, तुला काहीच कसं कळलं नाही? कळायला माणसाने माणसाकडे बघावं लागतं, बाई. सोमवारी मी सकाळीच बाहेर. संध्याकाळी मावशीचा फोन माझ्यावर आला, गोगीचा लागत नाही म्हणून. मी हिच्या हातात दिला. "हो. बरी आहे. हो," एवढंच बोलली. मंगळवारी मी भट्टीपाशी. एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. गोगी भराभर वागायला लागली होती. भराभर जेवायची, माझ्याआधी बूट घालून दारात उभी राहायची. मी मनात म्हटलं, चला, सुधारली एकदाची! मला बरं वाटलं गं. खरंच बरं वाटलं मला.

आणि तिच्या टेबलावरच्या डब्या तशाच बंद होत्या. शेवाळाच्या. मी म्हटलं, "काय गं, तुझं ते उत्तरेकडचं शेवाळ नाही का बघणार?" तिने एक डबी उचलून परत जागेवर ठेवली. मग म्हणाली, "हो का? छान."

बुधवारी मावशीने परत फोन केला. दोघी मिनिटभर बोलल्या. नंतर अर्ध्या तासाने मावशीने मला एकटीलाच केला. आवाज बारीक झाला होता तिचा.

"ऐक. ती आसपास आहे का?"

"अंघोळीला गेलीय. का गं?"

"मला सांग, तिला ताप-बिप आहे का? डोक्याला काही लागलंय का?"

"नाही. का?"

मावशीने आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाली, "शनिवारी तिने मला एक गोष्ट सांगितली होती, आमच्या दोघींतली. मी आज विचारलं, तर तिला ठाऊकच नाही. बरं, ते जाऊ दे. पण फोन ठेवताना ती मला म्हणाली... म्हणाली, 'काळजी करू नकोस, मावशी.'"

"काय?"

"मावशी म्हणाली गं ती मला. मी तिची आई ना?"

न्हाणीघरात पाणी पडत होतं, आणि मी फोन धरून इथे उभी होते. मावशी कोण म्हणतं तिला? मी म्हणते. माझ्याशिवाय कोणी नाही म्हणत. आणि एकेक गोष्ट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ही मी चालते तशी चालते. मी खाते तशी खाते. शेवाळातलं हिला काही ठाऊक नाही, कारण गोगी सांगायची तेव्हा मी ऐकलं नाही. शनिवारी गोगी आईशी काय बोलली ते हिला ठाऊक नाही, कारण ते मला ठाऊक नाही.

ती केस पुसत बाहेर आली. मी तिच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. "गोगी, तुझं नाव लिही बरं."

तिने लिहिलं. पटकन. माझ्या अक्षरात, शेवटच्या अक्षराखाली माझी ती आडवी रेघ ओढून. वहीत ओढली होती तशी.

"बरोबर आहे ना, ताई?" तिने विचारलं.

मी फोन घेऊन जिन्यात गेले. दोन निरोप पडून होते, रविवारचे. मी ऐकलेच नव्हते. कोणाचा तरी परक्याचा आवाज असेल, असं मनाला समजावत लावला पहिला.

"ताई, मी बाकाजवळच आहे गं. गुडघा फिरला, उठताच येत नाहीये. काठी पण खाली कुठे गेली धुक्यात. चौकीवाल्या आजोबांना सांग ना."

दुसरा रात्री दहाच्या सुमाराचा. दात वाजत होते तिचे.

"ताई, तुझा मेसेज आत्ता दिसला. सही केलीस होय... तरीच कोणी आलं नाही. मदतीच्या नंबरवर लावला होता, पण मला त्यांचं बोलणं कळेना. तूच बोलतेस ना नेहमी सगळीकडे. चौकीवर विचारतो, एवढंच कळलं... ताई, फोन बंद पडत आलाय. ती सही खोडून टाक ना. मी इथेच थांबते. आणि घाई करू नकोस येताना, वाट निसरडी झालीय."

घाई करू नकोस म्हणाली मला.

गुरुवारी पहिल्या बसने मी चौकीवर गेले. आजोबांना वही उघडायला लावली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, ही सही माझी आहे. त्यांनी ती ओळ परत वाचली. ते म्हणाले, "रविवारी रात्री फोन आला होता आम्हाला. कोणी मुलगी बोलतेय, नीट कळत नाही म्हणून. मी वही बघितली. दोघी वर, दोघी खाली. मी सांगितलं, सगळे उतरलेत."

मग त्यांनी हळूच विचारलं, "घरी... कोणी आलंय का?"

मी मान हलवली.

ते खुर्चीवर टेकले. "वहीत दोघी उतरल्या, तर दोघींना उतरायला पाहिजे ना. मग उतरतं कुणीतरी. माझ्या आधीच्या माणसाने सांगितलं होतं मला. मी हसलो होतो."

"खोडली तर काय होईल?"

"मग ती जाईल. आणि आम्ही वर जाऊ."

मी खोडली. एका रेघेने भागेना म्हणून दोनदा खोडली. भोंगा वाजला, कुत्री आली, माणसं वर गेली. दोन तासांत खाली आली. बाक चौकीपासून चालत पाऊण तासावर आहे. तिथेच होती ती, कोट अंगाभोवती घट्ट आवळून, वाटेकडे तोंड करून. डॉक्टर बाईंनी सांगितलं, मंगळवारी पहाटेपर्यंत जीव असावा. मंगळवारी पहाटेपर्यंत! रविवारची रात्र, सोमवारचा सबंध दिवस, परत रात्र. मी सोमवारी नऊला अहवाल दिला, सर खूश झाले, मी कॉफी प्यायले, आणि ती तिथे वाटेकडे बघत बसली होती.

खोलीवर परत आले तर कोणी नव्हतं. पलंगावर बसल्या जागेएवढी ओल होती फक्त.

मी तिला घेऊन घरी गेले. मावशी रडली नाही. सगळे पांगल्यावर ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणतात मंगळवारी गेली. मग बुधवारी माझ्याशी कोण बोललं?"

मी सगळं सांगितलं. सही, बस, फोन, सगळं. तिने मला मारावं म्हणून सांगितलं. ती कणीक मळायला लागली. मी निघेपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. बरोबरच होतं तिचं.

सहा महिन्यांनी तिचा फोन आला. सकाळची वेळ. कशी आहेस नाही, काही नाही.

"तू ती सही खोडलीस ना?"

"हो, मावशी."

"पुन्हा कर."

मला वाटलं माझ्या कानांचा दोष. "मावशी, अगं ती ती नव्हती. तुला मावशी म्हणाली ती. तूच म्हणालीस..."

"म्हणू दे," मावशी म्हणाली. "काय म्हणायचं ते म्हणू दे. आवाज तर तिचा होता? घर खायला उठतंय गं मला. तुझ्या जिवावर पाठवली होती ना मी? मग एवढं कर."

आता सांग, कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते मी?

तेव्हापासून दर रविवारी जाते. जुनी ओळ चालत नाही, खोडलेली ती खोडलेली. वर गेल्याशिवाय खाली आल्याची सही होत नाही, म्हणून दोन्ही नावं मीच घालते. आधी तिला वर पाठवते. बाकापर्यंत जाऊन येते. उतरताना मागे वाजत असतं, आणि मी अजूनही वळून बघत नाही, आता धीर होत नाही म्हणून. मग खाली येऊन दोन सह्या. आजोबा माझं पाऊल वाजलं की किटली ठेवायला मागे जातात. थकलेत आता, पण रविवारची पाळी सोडत नाहीत. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही.

साडेसातला ती येते. मी मावशीला फोन लावून देते. "बरी आहे, मावशी," ती म्हणते. मावशी म्हणते, "बोल बाळा." पाच मिनिटं चालतं त्यांचं. तेवढ्यावर ती बाई आठवडा काढते. त्या वेळी गुरुवारपर्यंत होती, आता रात्रीपुरतीच येते. सोमवारी मी उठते तेव्हा पलंग ओला असतो आणि ती नसते.

पण हल्ली ती कमी होत चाललीय गं. मी विसरतेय ना. पहिल्या वर्षी शाळेतल्या गमती सांगायची, आता तीन-चार वाक्यं फिरवून फिरवून बोलते. मागे एकदा आली तर गालावरचा तीळ नव्हता. मी फोटो काढून बघत बसले, डाव्या गालावर होता. पुढच्या रविवारी तीळ आला, पण हसली तरी तो गाल हलेना, फोटोत असतो तसाच राहिला. आणि गेल्या रविवारी हसलीच नाही. मला तिचं हसणं आठवेनासं झालंय. सावकाश हसायची एवढंच माहीत आहे, कसं ते नाही. मावशीने फोनवर विचारलं, "आज गप्प का?" आता तिला काय सांगू, की माझ्याकडची तुझी लेक संपत आलीय?

म्हणून तुला एवढं सगळं सांगितलं. रागावू नकोस. भात सावकाश खायची, भिंग बाळगायची, मला घाईताई म्हणायची. आता तुलाही ठाऊक झाली ती थोडी. एकापेक्षा दोन बरे.

साडेसात वाजत आले. जरा माझ्याकडे सरक, तिची जागा सोड. घाबरू नकोस, ती काही करत नाही, नुसती बसते. ऐकलंस? जिन्यावर... टक्, खर्र. ती काठी दरीत कधी सापडलीच नाही.

ती आत आली की फोन वाजतो. मावशीचा नाही, आणि कुणाचा. गोगीचा नंबर मी स्वतः अर्ज देऊन बंद केला होता, तरी वाजतो. सात वेळा, दहापर्यंत. मी सही करून येते ना दर रविवारी... म्हणजे आज रात्रीही तिकडे कोणी जाणार नाही. मी कधीच उचललेला नाही. काय बोलणार? आजही तुझी सही करून आलेय, असं सांगू?

वाजला बघ.

थांब. माझा तर इथे उशाशी गप्प पडलाय...

तुझा वाजतोय गं. तुझ्या बॅगेत.

काढ बाहेर. नाव बघ. नंबर कुठे होता तुझ्याकडे? नव्हता ना? हो, ती दारात उभी आहे, मला दिसतंय. तिच्याकडे बघू नकोस, ती म्हणेल उचलू नकोस म्हणून. तू उचल. मला नाही जमलं नऊ वर्षांत, माझ्याऐवजी तू बोल.

सांग तिला, ताई निघालीय म्हणून.